कड्याची सुलट बाजू

बराफर्थ, अन्स्ट बेट, शेटलंड
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय बाबी,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण या घरातली सगळी पत्रं ओस्लाच लिहायची आणि मी खाली फक्त सही ठोकायचो. आता स्वतः लिहायला बसलो तेव्हा कळलं, लग्न झाल्यापासून मी शेवंडांच्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या सोडून काही लिहिलेलंच नाही. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल. शाळेत माझ्या पाटीवर फुल्या मारायचीस, तशा इथे मारू नकोस.

नोव्हेंबरात तुझी बहीण गेली तेव्हा तुला येता आलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. न्यूझीलंड काही शेजारच्या बेटावर नाही. वारा इतका होता की शवपेटी नेताना आम्ही सहाजण तिरके चालत होतो. ओस्लाने बघितलं असतं तर हसली असती.

आता कामाचं. तिचं विणायचं मशीन मागच्या खोलीत होतं तसंच आहे, आणि त्याच्यावर एक काम अर्धं लटकतंय. गावात नवा हॉल बांधतायत. त्याच्या मोठ्या भिंतीसाठी ती समुद्रावरचा हर्मनेसचा कडा विणत होती. स्वेटर नाही, शाल नाही, कडा. रुंदीला मशीनएवढा आणि उंचीला पार छतापर्यंत. तू म्हणशील हे काय खूळ, आणि मीही तेव्हा तेच म्हणालो होतो. पण तिने उन्हाळाभर मान वर केली नाही. अगदी शेवटी, बसवत नव्हतं तेव्हासुद्धा, पाठीला उशी लावून बसायची.

हॉलचा कारभार आपल्या दुकानवाल्या जेमिमाकडे आहे. ती परवा येऊन म्हणाली, "मॅन्सी, जाऊ दे रे. आम्ही त्या भिंतीवर जीवरक्षक होडीचा फोटो लावतो. तू ते उतरव आणि घडी करून ठेव." मी तिला म्हटलं, जुलैत हॉल उघडेपर्यंत भिंत रिकामी ठेव.

बाबी, ते अर्धं राहिलं तर ओस्ला अर्धीच राहील असं मला वाटतं. याहून नीट मला सांगता येत नाही. मशीन तिला तू शिकवलंस, आता मलाही शिकव.

एक विचारतो. विणून झालेला भाग तिने गुंडाळून उशीच्या अभ्र्यात घालून खाली टांगलाय, म्हणजे मळू नये. वरचा दीड-दोन हात तेवढा दिसतो. मशीनसमोर बसलं की माझ्याकडच्या बाजूला नुसते फुगवटे आणि खळगे आहेत, आणि त्यांच्यावर पांढऱ्या लोकरीचे सुटे फास लोंबतायत, शेकड्यांनी. हे असंच असतं, की शेवटी शेवटी तिच्या हातून झालंय?

तुझा मेव्हणा,
मॅन्सी


डनीडन, न्यूझीलंड
२६ फेब्रुवारी १९८७

प्रिय मॅन्सी,

तू विणायला बसणार हे वाचून तुझा साडू जिम पोट धरून हसला. मी त्याला गप्प केलं आणि मग मागच्या दारी जाऊन थोडं रडून घेतलं. इथे कडक ऊन आहे. ओस्ला नाही आणि ऊन आहे, हे मला अजून जमत नाही.

रडणं पुरे. पहिली गोष्ट डोक्यात घाल. मशीनवर कापडाची उलट बाजू नेहमी विणणाऱ्याकडे असते आणि सुलट बाजू पलीकडे, आपल्याला न दिसणारी. आम्ही बायका जन्मभर कापडाच्या पाठीकडे बघत विणतो. म्हणून तर पाठ स्वच्छ लागते. आमच्या आईचा नियम होता, कुणाचाही स्वेटर हातात आला की आधी उलटा करायचा आणि पाठ गबाळी असेल तर पुढचं बघायचंसुद्धा नाही. गावात कुणाच्या घरी जाऊन बघ, अजून तेच करतात.

तेव्हा तुला दिसतेय ती पाठ आहे. फुगवटे असू देत, ते तिच्या नव्या तऱ्हेचे असतील. काही सुया धागा नुसता धरून ठेवतात, विणत नाहीत, आणि चार ओळी झाल्या की एकदम सोडतात. मग तिथे कापड फुगतं. पण सुटे फास म्हणजे गबाळेपणा. ओस्लाच्या हातून असा कधी झाला नसता, म्हणजे बिचारीच्या बोटांत जोरच उरला नसणार. ते वाचून माझा जीव कळवळला. तिचं शेवटचं काम लोकांनी उलटून बघितलं आणि नाकं मुरडली, असं मला चालणार नाही. तेव्हा आकडीची सुई घे आणि एकेक फास शेजारच्या टाक्यात ओढून बसव. कापायचा नाही, फक्त आत ओढायचा. एका बैठकीत फार करू नकोस.

पुढचं विणायचं असेल तर आधी दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर हात बसव. आपल्या गावात घरटी एक मशीन पडून आहे. टाके घालायचे, खाली वजनं अडकवायची, आणि वरची गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायची. मध्ये थांबायचं नाही, ढकलायचं नाही. होडी धक्क्याला लावतोस तसा हात ठेव.

दगड आणि शेवाळ विणायचं हे वेड तिने घेतलं तेव्हाच मी तिला लिहिलं होतं, की बाई गं, तुझ्या हाताला अख्ख्या बेटात तोड नाही, चांगली नक्षीची स्वेटरं सोडून हे काय मांडलंयस? तिने उत्तरात फक्त हवापाणी कळवलं. हट्टी होती.

जेवतोस ना वेळेवर? नुसत्या चहा-बिस्किटावर राहू नकोस.

बाबी


बराफर्थ
२२ मार्च १९८७

प्रिय बाबी,

जेवतो. जेमिमा दर रविवारी खारवलेल्या मटणाचं सूप आणून देते आणि मी ते संपवेपर्यंत समोर बसून राहते. तेव्हा उपाशी मरायची सोय नाही.

मशीन वरच्या घरातल्या ॲगीचं आणलं. पहिल्या दिवशी गाडी मधेच अडकली. दुसऱ्या दिवशी सगळं कापड सुयांवरून सुटलं आणि वजनांसकट माझ्या पायावर पडलं. अंगठ्याचं नख काळं झालंय. ॲगी म्हणाली, "तुझ्यापेक्षा तुझा कुत्रा बरं विणेल." पण आता सरळ साधं कापड येतं. नक्षी नाही, फुगवटे नाहीत, नुसतं सपाट. गाडी नीट गेली की एक आवाज येतो. इतकी वर्षं मी तो भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि माझं लक्षच नव्हतं.

तू सांगितल्याप्रमाणे फास आत ओढायला घेतले. सुईपासून खाली हातभर झाले आहेत. बोटं सुजली. जेमिमा येऊन बघून गेली आणि म्हणाली, "आता कसं माणसांत आलं." तुमच्या आईनेसुद्धा नाव ठेवलं नसतं.

एवढंच की परवा संध्याकाळी दिवा लावण्याआधी त्या खोलीत गेलो, तर तो ओढून घेतलेला भाग मला मेल्यासारखा वाटला. खालचा, हात न लावलेला भाग तसा वाटत नव्हता. मी नवशिका, मला काय कळतंय. पण तुला सांगावंसं वाटलं.

मेंढ्या व्यायला लागतील आता. त्यामुळे थोडे दिवस काम बंद.

मॅन्सी


डनीडन
७ एप्रिल १९८७

प्रिय मॅन्सी,

शाबास. तुला सपाट कापड येतंय म्हणजे निम्मी लढाई जिंकलास. जिमची आणि माझी पैज होती, तो हरला.

मेल्यासारखा वगैरे काही नाही. स्वच्छ पाठ बघायची तुला सवय नाही, एवढंच. उरलेले फासही घे आत, अर्ध्यात सोडलंस तर कापड एका बाजूला खेचेल.

आता वरचा भाग. ओस्ला टाका किती घट्ट ठेवत होती ते बघितल्याशिवाय मी तुला पुढचं सांगू शकत नाही. कुठलंही काम काढण्याआधी ती तळहाताएवढे नमुने विणायची. शोध, असतील कुठेतरी. त्यातले दोन-तीन पाठव.

बाबी


बराफर्थ
१७ मे १९८७

प्रिय बाबी,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन शेकोटीत टाकली.

नमुने सापडले. कपाटावर बिस्किटांचा मोठा डबा होता, तो उघडला तर गच्च भरलेला. मी ते टेबलावर मांडत गेलो. पहिला करडा आणि पिवळट, खरबरीत, कडांना मुडपलेला. हातात घेतला आणि ओळखलं. आपल्या उंबऱ्याच्या दगडावर दगडफूल धरलंय ना, ते. दुसरीकडचं नव्हे, आपल्याच उंबऱ्यावरचं, त्याच्यात माझ्या बुटाने घासलेली जागासुद्धा आहे. दुसरा म्हणजे ओहोटीनंतरची वाळू, पाण्याच्या वळ्या उठलेली. तिसऱ्यात जळणासाठी पीटची माती कापल्यावर खाचेत दिसतात तसे काळे-तपकिरी थर, मध्ये मुळांचे धागे बाहेर आलेले. मी रोज यांच्यावरून चालतो, बाबी. माझं लक्ष कधी गेलं नाही आणि ही बाई ते लोकरीत धरून बसली होती.

मग सहज एक उलटा केला. तुमची सवय लागली मला. तर पलीकडे नुसतं सपाट कापड. दुसरा उलटा केला, तसाच. एकूणएक. दगडफूल, वाळू, पीट, सगळं खरबरीत बाजूलाच होतं. तू जिला पाठ म्हणतेस त्या बाजूला. पण तेव्हाही माझं मन ते मानायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. पिंजरे काढायला जायच्या ऐवजी मी हर्मनेसवर चढलो. हवा चांगली असली की ओस्ला थर्मास आणि बॅनकची भाकरी बांधून घेऊन तिथे जायची. पक्षी बघायला जाते, असं म्हणायची. मला कितीदा म्हणाली असेल, चल. मी म्हणायचो, मी तो कडा रोज खालून बघतो, वरून काय निराळा असणार.

वाटेत बाँक्सी पक्ष्यांनी डोक्यावर झडपा घातल्या. काठी उंच धरून, शिव्या घालत गेलो. टोकाला पोटावर आडवा झालो आणि मान बाहेर काढून खाली बघितलं.

तू तिथे कधी गेली नाहीस, म्हणून सांगतो. म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो. खालून बोटीतून दिसतो तो काळा, ओला दगड आणि त्याच्यावरचे पांढरे ओघळ. वरून तसं काही नाहीच. वरून कडा म्हणजे कपारींवर कपारी, आणि प्रत्येक कपारीवर सोलन पक्षी बसलेले. हजारो. पांढरेशुभ्र, प्रत्येकाच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये बरोबर चोच पोचणार नाही एवढं अंतर. एक उडाला की त्याची जागा रिकामी दिसते आणि दुसरा येऊन नेमका तिथेच बसतो. ओळीमागून ओळ, पार खाली समुद्रापर्यंत. आवाज असा की छातीत थरथर जाणवते. वास तर असा की डोळ्यांत पाणी यावं. मी चर्चमध्ये वर्षानुवर्षं बसलोय, बाबी, तिथे मला कधी वाटलं नाही ते त्या घाणीत आडवं पडून वाटलं. हे सगळं माझ्या डोक्यावर होतं आणि मी खाली पिंजरे मोजत होतो.

आणि मग कळलं. ते फास. लोकरीचे पांढरे, सुटे, ओळीने बसवलेले फास. ते तिच्या बोटांतला जोर गेला म्हणून राहिलेले नव्हते. तिने ते एकेक करून ठेवले होते. सुलट बाजू तिच्याकडे होती. सगळं काम तिने कड्याकडे बघत केलं आणि मी त्यातल्या वरच्या कपारींवरचे सगळे पक्षी दगडात ओढून घेतले.

म्हणून तो भाग मेल्यासारखा दिसत होता. मला दिसलं होतं, पण मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

तुला दोष देत नाही. तू सांगितलंस, मी केलं, आणि आपण दोघांनीही ते तिच्यासाठीच केलं. पण ओस्लाने शेवटच्या दिवसांत, पाठीला उशी लावून बसवलेले पक्षी होते ते. मला झोप येत नाही. ते परत बाहेर काढता येतील का, एवढंच सांग.

नमुने सोबत पाठवतोय.

मॅन्सी


डनीडन
४ जून १९८७

प्रिय मॅन्सी,

पाकीट उघडलं तेव्हा मी उभी होते. दगडफुलाचा नमुना हातात घेतला आणि खुर्चीत बसले. तुमच्या उंबऱ्याला मी शेवटचा पाय लावला त्याला किती वर्षं झाली ते मोजत नाही. पण अंगठा त्या लोकरीवरून फिरवला आणि तो दगड गार लागला. जिमला सांगितलं तर तो म्हणाला, लोकर कशी गार लागेल? त्याच्या हातात दिली. तोही खुर्ची ओढून बसला मग.

मी चुकले. साधी गोष्ट होती. पण आमच्या बेटावरच्या कुठल्याही बाईने तुला हेच सांगितलं असतं, कारण सुलट बाजू पलीकडेच असते हे आम्हाला इतकं पक्कं माहीत असतं की आम्ही बघतच नाही. ओस्लाने मशीनसमोर बसून एक दिवस बघितलं असणार, की अरे, माझ्याकडे येतंय तेच खरं आहे. आणि तिने आम्हा सगळ्यांना न विचारता तेवढं धरलं. माझी धाकटी बहीण. मी तिला टाके घालायला शिकवलं, त्याचा मला गर्व होता. आता वाटतं, मी तिला फक्त सुरुवात करून दिली आणि ती कुठच्या कुठे निघून गेली.

अजून एक ऐक. आमच्या सोफ्यावर तिने पाठवलेली एक उशी आहे, करडी, सपाट. अभ्रा आला तेव्हा मला तो उलटा शिवलेला वाटला. मी उसवला, सुलटा केला, परत शिवला आणि तिला कळवलंही. तिचं उत्तर आलं, "बरं केलंस." काल तुझं पत्र वाचून झाल्यावर कात्री घेऊन बसले आणि तो परत उलटा केला. मॅन्सी, आत बराफर्थच्या वाळूवरचा फेस होता. लाट मागे जाताना सोडून जाते तो, बुडबुडे फुटत चाललेला. लहानपणी आम्ही दोघी त्याच्यावर अनवाणी नाचायचो. ती मला तो एवढ्या लांब पाठवत होती आणि मी त्याच्या पाठीवर बसून टीव्ही बघत होते. तिने एका शब्दाने मला टोकलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

जिम विचारतो, आता या उशीवर बसायचं कसं? मी म्हटलं, बसायचं नाही.

आता तुझ्या पक्ष्यांचं. काढता येतील. लोकर तेलकट आहे, अजून धुतलेली नाही, म्हणून धागा एकमेकांत धरलेला नसणार. हे आपलं नशीब. ओलं फडकं त्या भागावर ठेव, मऊ होऊ दे, आणि बोथट सुईने प्रत्येक फास जिथून आत घातलास तिथूनच बाहेर घे. काही पूर्वीसारखे होणार नाहीत. ते तसेच राहू देत. आणि यापुढे एकही धागा ओढायचा नाही. तिने जे जिथे ठेवलंय ते मुद्दाम ठेवलंय असंच धर. काही चुकल्यासारखं दिसलं तरी.

वरच्या भागासाठी तू माझ्याकडे बघतोयस, पण मी तो कडा पाहिलेला नाही. वर काय होतं, हे तुला माहीत आहे. तुला फक्त सपाट येतं. त्या दिवशी वर सपाट असं काही होतं का?

धुताना कोमट पाणी, साधा साबण. लोकर पाण्यात फुलेल, घाबरू नकोस. पण फळीवर ताणून वाळवू नकोस. आपल्या बायकांना प्रत्येक ओली गोष्ट खिळे ठोकून ताणायची खोड आहे. सगळे फुगवटे सपाट होतील. जेमिमाला जवळ फिरकू देऊ नकोस.

तुझी,
बाबी


बराफर्थ
२६ जुलै १९८७

प्रिय बाबी,

काल हॉल उघडला. आधीपासून सांगतो, नाहीतर गडबडेन.

पक्षी बाहेर काढले. आत घालायला लागले त्याच्या दुप्पट दिवस लागले. थोडे वाकडे राहिले, थोडे लहान झाले. तू म्हणालीस तसे राहू दिले.

तुझा प्रश्न मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरलो. मग आठवलं, त्या दिवशी कड्याच्या माथ्यालगत, माझ्या डोक्याच्या जरा वर, धुकं तरंगत होतं. पक्षी वर उडायचे आणि त्याच्यात दिसेनासे व्हायचे. धुकं सपाटच असतं. ओस्लाच्या कपाटातली सगळ्यात फिकी करडी लोकर घेतली आणि विणायला लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत इकडे. माझ्याकडून कड्यात एवढंच. तिच्या जागी बसून मी खिडकीकडे बघितलं तर तिथून मला खाडी दिसत होती. ती रोज काय बघत होती ते पहिल्यांदा कळलं.

टाके बंद करायची वेळ आली तेव्हा मात्र माझा हात चालेना. ते सुयांवर होतं तोवर ती कामात आहे असं वाटत होतं. आतल्या खोलीत बसलीय, हाक मारली तर म्हणेल, थांब, ही ओळ होऊ दे. मी दोनदा मशीनपाशी बसलो आणि उठून मेंढ्या बघायला गेलो. शेवटी ॲगी आली आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. तिने खालची वजनं धरली. शेवटचा टाका सुटला आणि सगळं माझ्या मांडीवर आलं. जड होतं. मी बराच वेळ ते तसंच धरून बसलो होतो आणि मला रडू आलं, आणि ॲगीने ते बघितलं, आणि मला काही वाटलं नाही.

धुतलं ते न्हाणीतल्या टबात. बाबी, तू फुलेल म्हणाली होतीस, पण हे एवढं सांगितलं नव्हतंस. तेल सुटलं आणि पाण्यात लोकर हळूहळू उठायला लागली. खळगे खोल झाले, कपारी बाहेर आल्या, एकेक फास फुगून गोल झाला. मी टबाच्या कडेला गुडघ्यांवर होतो. समोर पाण्याखालून अख्खा कडा वर येत होता आणि माझे हात साबणाचे होते. मी ॲगीला हाक मारली, ती दारात येऊन उभी राहिली आणि तिने डोक्यावरचा रुमाल काढला. ताणून वाळवलं नाही. जेमिमा खिळे आणि फळी घेऊन खरंच आली होती, तिला दारातूनच परत पाठवली.

काल सकाळी आम्ही ते हॉलच्या भिंतीवर चढवलं. छतापासून जमिनीपर्यंत बरोबर बसलं. मग गावातल्या बायका आल्या आणि त्यांनी काय केलं ते तुला सांगायला नकोच. सरळ भिंतीपाशी गेल्या, खालचा कोपरा उचलला आणि उलटून बघितला. एकीने बघितलं, मग दुसरीने, ओळच लागली. आत सपाट, स्वच्छ. जेमिमा सगळ्यांसमोर मला म्हणाली, "अरे मॅन्सी, बावळटा, सुलट बाजू भिंतीकडे लावलीस की रे. उतरवा, उतरवा."

मी म्हटलं, "उतरवायचं नाही. तुम्ही सगळ्या मागे सरका. अजून. त्या दारापर्यंत."

कुरकुरत सरकल्या. दारापाशी पोचल्या आणि वळल्या. चहाचं पाणी उकळत होतं, ते कुणी उतरवलं नाही. ॲगीची म्हातारी सासू, जिला दहा वर्षांत कुणी घराबाहेर पाहिलं नव्हतं आणि जिला उचलून आणली होती, ती म्हणाली, "सोलन आले." एवढंच. जेमिमाने डोळे पुसले आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

नंतर चहा झाला, केक झाले, लोकांनी भिंतीपाशी जाऊन हात लावून बघितलं. पोरांनी फासांत बोटं घातली, त्यांना कुणी ओरडलं नाही. जेमिमा आपल्या सवयीने सगळीकडे बारीक नजर टाकत फिरत होती. ती एकदम खाली वाकली, अगदी तळाशी, जिथे कडा संपतो आणि हिरवा-काळा समुद्र सुरू होतो. मला हाक मारली. "इथे बघ, लाल लोकरीची एक गाठ राहून गेलीय. दुसऱ्या कसल्यातरी कामातली असणार. थांब, कापून टाकते." तिच्या हातात कात्री होतीच.

ती गाठ मी धुताना पाहिली होती. मलाही ती चूकच वाटली होती, पण तुझं ऐकून हात लावला नव्हता.

आता मी वाकून बघितलं. आमची होडी लाल आहे, हे गावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. गाठ नखाएवढीसुद्धा नव्हती. तिच्यामागे पाण्यात पांढऱ्या धाग्याची एक रेघ सोडली होती, होडी जाते तेव्हा राहते तशी. आणि वर सगळा कडा, कपारींवर कपारी, हजारो पक्षी, त्यांच्यावर धुकं. इतक्या उंचावरून ते बघायला कुणीतरी पोटावर आडवं झालं असणार, आणि बराच वेळ. एवढ्या सगळ्यात तिने तो ठिपका शोधून धरून ठेवला होता, आणि तिने विणायला सुरुवात केली ती तिथूनच.

मी जेमिमाला म्हटलं, कात्री आत ठेव. तो मी आहे.

मॅन्सी